कासारडोहचा थांबा

कासारडोह हे गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं त्याला आता तपाच्या वर झालं, पण मंगळवारची लाँच अजूनही तिथं थांबते. मोरघळच्या धक्क्यावरून सुटायचं, पलीकडच्या वाड्यांची माणसं घ्यायची, आणि परतताना डोंगराच्या सोंडेला वळसा घालून चहूकडे नुसतं पाणी असताना मधोमध उभं राहायचं, असा तिचा नेम. मग लाँचमधला आवाज अगदी गोडपणे सांगणार, 'कासारडोह. उतरणाऱ्यांनी उतरावे, चढणाऱ्यांनी चढावे,' आणि कठड्याचं फाटक उघडणार. समोर पायरी नाही, काठ नाही, माणूस नाही. थोडा वेळ फाटक तसंच उघडं राहणार आणि मिटणार. लाँचवर चालक नसतो, त्यामुळे शिव्या द्यायच्या तरी कुणाला? बाजाराला जाणारी माणसं सरावली होती. तेवढ्या वेळात ती तंबाखू मळायची, नाहीतर मोबाइलमध्ये डोकं घालायची. पाण्याकडे मात्र कुणी बघायचं नाही.

पण फिरायला आलेल्यांना हे कोण सांगणार? शहरातल्या एक बाई फाटक उघडलं म्हणून सवयीनं पाऊल टाकायला गेल्या आणि त्यांचा पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात गेला. शेजारच्या म्हाताऱ्यानं दंडाला धरून मागं ओढलं म्हणून बाई वाचल्या. त्यांचे यजमान सगळ्या सहलीचं चित्रीकरण करत होतेच. तक्रार झाली, आणि टेबलं फिरत फिरत ती जिल्ह्याच्या कचेरीत रेवती सपकाळच्या पडद्यावर येऊन पडली.

रेवतीनं चित्रफीत लावली आणि तिच्या हातातला चहा हातातच राहिला. बाईंना ओढणारा म्हातारा तिचा बाप होता.

तिनं ती पुन्हा पाहिली. बाईंचा आरडाओरडा, मग धक्का, मग एकेक माणूस उतरतंय. सगळ्यांत शेवटी आबा उतरले. उतरले आणि माघारी वळून, रिकाम्या लाँचकडे हात पुढे करून उभे राहिले. तोल सावरत असतील, असं म्हणून रेवतीनं चित्रफीत बंद केली. आबांचा तोल कधी जात नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं, पण माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की काय वाट्टेल ते पटवून घेतो.

रेवतीचं काम सांगायला सोपं होतं आणि करायला किचकट. सरकारी दस्त जन्माला येतो तो मसुदा म्हणून. मग त्याची तपासणी होते, मंजुरी मिळते, मग तो 'लागू' होतो, आणि गरज सरली की 'निवृत्त'. कुठला दस्त कुठल्या स्थितीत आहे यावर नजर ठेवायची आणि वेळ झाली की त्याला पुढच्या स्थितीत ढकलायचं, हे त्यांच्या दस्त-स्थिती कक्षाचं काम. पूर्वी असल्या कामाला कुणी कुत्रं विचारत नसे. कारण पूर्वी कागद आणि काम यांच्या मध्ये एक माणूस उभा असायचा. कागदावर काही का लिहिलेलं असेना, 'अहो, तिथं आता गावच नाही,' असं म्हणून तो गाडी वळवायचा.

आता मध्ये कारभारी होता. यंत्रणेचं खरं नाव लांबलचक होतं, पण कचेरीत सगळे कारभारीच म्हणत. लागू असलेला प्रत्येक दस्त तो वाचायचा, त्याचा अर्थ लावायचा आणि स्वतःच अमलात आणायचा: पाण्याचे पंप, रस्त्यावरचे दिवे, शाळेची घंटा, रेशन, लाँच, सगळं. दोन दस्त एकमेकांशी जुळत नसले तर तो ते जुळवून घ्यायचा. मध्ये कुठं माहितीची फट राहिलीच, तर आजूबाजूचं बघून, असं असं असण्याची शक्यता जास्त म्हणून, ती भरून काढायचा. या भरून काढण्यापायी लोकांचे हेलपाटे वाचले, हे कबूल करायलाच हवं. पण कारभाऱ्याला डोळे नव्हते. दस्त लागू आहे म्हणजे गोष्ट आहे, एवढंच त्याला कळत होतं.

आणि त्याला रिकामी जागा सोसत नसे. कुठलाही दस्त निवृत्त करायचा तर 'वारस' नावाचा रकाना भरावा लागे: याच्या जागी आता कोण? तो कोरा राहिला तर कारभारी जुनाच दस्त लागू धरून चालायचा. कासारडोह उठलं तेव्हा अर्धं गाव माळावरच्या वसाहतीत गेलं, काही घरं घाटाखाली, काही मुंबईला पांगली. मग गावाचा वारस म्हणायचं कुणाला? तेव्हाच्या कारकुनानं डोकं खाजवलं असेल आणि रकाना तसाच सोडून दिला असेल. माणसांचे दस्त माणसांबरोबर गेले, गावाचे दस्त मात्र तिथंच लागू राहिले. कक्षात नवीन कुणी आलं की रेवती पहिल्या दिवशी त्याला एकच शिकवायची, की बाकी काही चुकलं तर निस्तरू, पण वारस कोरा सोडायचा नाही.

वरिष्ठ होत्या इनामदार मॅडम. थांबा निवृत्त करून टाक आणि मोकळी हो, असं त्यांनी रेवतीला सांगितलं. कासारडोह हे तिचं गाव, हे त्यांना माहीत नव्हतं आणि रेवतीनंही सांगितलं नाही. खरं तर तिला मनातून बरंच वाटलं होतं. आबा वसाहतीत एकटे राहायचे. शहरात माझ्याकडे चला म्हणून ती वर्षानुवर्षं मागं लागली होती आणि दर वेळी एकच उत्तर मिळायचं: मंगळवारी लाँच असती. सकाळच्या फेरीत बसायचे, दुपारच्या फेरीत पुन्हा बसायचे, आणि घरी जायचे. आता लाँच तिथं थांबेनाशी झाली की आबांना धरून ठेवायला काय उरणार होतं? तिला बाप हवा होता, जवळ, डोळ्यांसमोर. थांबा गेला की बाप येणार, असा तिचा साधा हिशेब होता.

तिनं पडद्यावर कासारडोहचे दस्त उघडले.

थांबा एकटा नव्हता. थांबा आहे म्हणजे प्रवासी हवेत, प्रवासी आहेत म्हणजे घरं हवीत, घरं आहेत म्हणजे पोरंबाळं, शाळा, पाणी, दिवाबत्ती हवी. कारभाऱ्यानं एकेक फट भरत सगळं गाव चालू ठेवलं होतं. शाळेतली मुलं दर जूनला वरच्या वर्गात जात होती. पहिलीला नवी नवी नावं येत होती, आणि गावच्या रीतीप्रमाणे नातवांना आजोबांची नावं ठेवलेली होती. जी पोरं कुणाच्या पोटी जन्मलीच नाहीत त्यांची उंची, वजन, गोवराची लस, सगळं जागच्या जागी. ग्रामसभेचे ठराव दर साली मसुदा होऊन सहीची वाट बघत पडले होते. यंदाच्या मसुद्यात देवळापुढचा दिवा गेल्याची तक्रार होती.

ही सगळी अंदाजाची माणसं. मूळ दस्त गेला की ती आपोआप जातात, त्यांची चिंता नव्हती. पण अंदाजाची नसलेली, खरीखुरी नोंदलेली एक रहिवासी त्या गावात अजून होती. शेवंता हणमंत सपकाळ. स्थिती: लागू. ती रेवतीची आई.

आई वारली ती गाव उठायच्या आठवड्यात. दारात ट्रक उभा, सामान चढलेलं, आणि ही बाई म्हणे मी जमीन सारवून घेते. रिकामं घर म्हणून का घाण सोडायचं? सगळं घर तिनं सारवलं, हात धुतले, भिंतीला टेकून बसली आणि गेली. तिला नदीकाठी दहन दिलं आणि पंधरवड्यात त्या काठावर पाणी चढलं. मृत्यू नोंदवायला आबा गेले तर गावचा ग्रामसेवक कार्यमुक्त झालेला. वसाहतीचा ग्रामसेवक म्हणाला, ही बाई आमच्याकडे राहायलाच आली नाही, तर तिचा मृत्यू आम्ही कसा नोंदवणार? आबांनी एकदोन खेटे घातले आणि पुन्हा त्या दाराची पायरी चढले नाहीत. रेवती तेव्हा शहरात शिकत होती. नंतर नोकरीला लागली, तीही याच कक्षात, पण तो विषय तिनं कधी उकरला नाही.

तिनं थांबा निवृत्त करण्याची नोटीस काढली. नियम असा, की ज्यांना झळ पोचणार त्यांना हरकत घ्यायला मुदत द्यायची. गावात कुणी नाही, हरकत कोण घेणार, असं म्हणून ती निर्धास्त होती. मुदत संपता संपता हरकत आली.

ही करामतही कारभाऱ्याचीच. ज्यांना लिहितावाचता येत नाही त्यांच्यासाठी तो त्यांच्या जुन्या तोंडी अर्जांवरून मसुदा तयार करून ठेवायचा, कारण अडाणी माणसाचं गप्प राहणं म्हणजे त्याची संमती नव्हे, असा नियम होता, आणि नियम चांगलाच होता. आईनं तर सुरुवातीच्या दिवसांत कारभाऱ्याला भंडावून सोडलं होतं. लाँच उशिरा येते, लाँच लवकर जाते, लाँच आमच्या काठाला थांबतच नाही. मंगळवारचा थांबा गावाला मिळाला तो तिच्या तोंडाळपणामुळे. तिचं एवढं बोलणं साठवलेलं असल्यावर कारभाऱ्याला काय कमी?

रेवतीनं हरकत वाचली.

'माजी हरकत हाय. मंगळवारची लाँच मंगळवारीच पायजे. तुमी कचेरीत बसून थांबं पुसता, आमी काठाला उन्हात उभ्या ऱ्हातो त्येचं काय? बाजार उठल्यावर लाँच आली तर वांगी काय परत घरला न्यायची? मालक लाँचवर वाट बघत्यात. सुनावणी घ्या, म्या येते.'

मग तिनं आईचे जुने तोंडी अर्ज एकेक करून ऐकले. ऊन होतं, काठ होता, वांगी तर चार वेळा होती. मालक वाट बघतात, हे कुठंच नव्हतं. आई जिवंत असताना आबांनी कशाची वाट बघितली नव्हती, ते पुढं आणि ती मागं, अशीच दोघं बाजाराला जायची. ही ओळ कारभाऱ्यानं भरून काढली होती. तपभर दर मंगळवारी तोच एक म्हातारा त्याच थांब्यापर्यंत येतो आणि उतरत नाही, याचा त्यानं लावलेला हा अर्थ होता. तो चुकला असं म्हणायची रेवतीची छाती होईना.

हरकत निकाली काढायचे मार्ग दोन. एक तर सुनावणी घ्यायची, नाहीतर हरकत घेणारी व्यक्ती हयात नाही हे नोंदवायचं. दुसऱ्याला नवऱ्याचा अंगठा लागत होता.

रविवारी ती वसाहतीत गेली. आबांनी चहा टाकला, बशीत शेंगदाण्याचा लाडू ठेवला, आणि ती बोलेपर्यंत काही विचारलं नाही. तिनं आईची नोंद राहून गेल्याचं सांगितलं, ती आता करावी लागेल म्हणाली, थांब्याचं मात्र चाचरत, अर्धंमुर्धं सांगितलं. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग लाँच?"

"ते बघू नंतर," रेवती म्हणाली.

आबांनी तिच्याकडे बघितलं. लेक खोटं बोलत नाहीये, पण खरंही सांगत नाहीये, हे त्या माणसाला कळलं असणारच. तरी त्यांनी तिच्या फोनवर अंगठा टेकवला, तो धोतराला पुसला, आणि तिला लाडू खा म्हणाले. परतीच्या एसटीत ती रडली.

सोमवारी तिनं आईचा दस्त उघडला. लागू या शब्दावर बोट ठेवलं, निवृत्त निवडलं. कारभाऱ्यानं नेहमीसारखं विचारलं, वारस?

तिचं बोट जरासुद्धा अडखळलं नाही. इतक्या वर्षांची सवय, कोरा सोडायचा नाही म्हणजे नाही. तिनं लिहिलं: रेवती हणमंत सपकाळ. पडद्यानं मान्य केलं. मग ती थांब्याकडे वळली, तोही निवृत्त करायला गेली, आणि कारभाऱ्यानं नम्रपणे नकार दिला. या गावात एक नोंदलेली रहिवासी आहे, थांबा निवृत्त करता येणार नाही.

आपण काय केलं ते तिच्या ध्यानात आलं तेव्हा कचेरी सुटायला आली होती. वारसाकडे सगळं जातं: घर, राहणं, हरकत, थांबा. मृताच्या जागी वारसाचं नाव घालायला इथं घर नव्हतं, जमीन नव्हती, फक्त पाण्याखालचं राहणं होतं, आणि ते तिनं स्वतःच्या हातानं स्वतःच्या नावावर केलं होतं. हे खरोखर सवयीनं झालं, की आतून कुणीतरी करवून घेतलं, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

मंगळवारी सकाळी कचेरीचं दार तिला उघडेना. एक माणूस दोन गावी राहू शकत नाही, म्हणून कारभाऱ्यानं फट भरून काढली होती. कासारडोह लागू, शहर स्थगित. शहर स्थगित म्हणून नेमणूकही स्थगित. इनामदार मॅडम फोनवर आधी वैतागल्या, मग दुरुस्ती होईल पण वेळ लागेल म्हणाल्या, आणि मग त्यांनी तिचं गाव कुठलं असं विचारलं. रेवतीनं सांगितलं.

दुकानाचं दार उघडेना, रिक्षा तिला घेईना. स्टँडवर मात्र एसटीचं दार तिच्यासमोर आपणहून उघडलं आणि मोरघळचं तिकीट निघालं. ती बसली. आबांना सगळं सांगून टाकायचं होतं, एवढं एकच तिच्या मनात होतं.

आबा धक्क्यावर होते, हातात कापडी पिशवी. तिला बघून त्यांना नवल वाटलं असेल तर ते त्यांनी दाखवलं नाही. लाँचमध्ये दोघं बाकावर शेजारी बसली. वाड्यांची माणसं चढली, कोंबड्यांच्या पाट्या चढल्या, परतीचा प्रवास सुरू झाला. रेवतीनं हळू आवाजात सगळं सांगितलं: तक्रार, नोटीस, हरकत, आपण काय लपवलं ते, आणि वारसाचा रकाना. हरकत वाचून दाखव, असं आबांनी खुणेनं सांगितलं. तिनं वाचली. वांग्यांपाशी ते हसले. मालकांपाशी त्यांनी पाण्याकडे तोंड फिरवलं.

लाँच सोंडेला वळसा घालून उभी राहिली.

'कासारडोह,' आवाज म्हणाला. 'रेवती हणमंत सपकाळ, उतरून घ्यावे.'

फाटक उघडलं. माणसांनी तंबाखू मळायला घेतली, मळून झाली, तोंडात गेली, तरी फाटक मिटेना. आजवर त्या थांब्याला उतरणारं कुणी नव्हतं, म्हणून लाँच थोडी थांबून निघायची. आता होतं. 'रेवती हणमंत सपकाळ, उतरून घ्यावे.' लाँचमधली एकेक मान तिच्याकडे वळली, आणि मग, कित्येक वर्षांत पहिल्यांदा, सगळी माणसं खाली पाण्याकडे बघायला लागली. रेवतीनंही बघितलं. पाणी हिरवं आणि शांत होतं. खाली कुठंतरी सारवलेली जमीन होती. तिला भयंकर भीती वाटली, आणि भीतीच्या आत, लाज वाटावी इतकी, उतरावंसं वाटलं.

आबांनी तिच्या मनगटावर हात ठेवला. घट्ट धरला नाही, नुसता ठेवला.

"उतरले," ती म्हणाली.

'धन्यवाद,' आवाज म्हणाला. फाटक मिटलं आणि लाँच चालू झाली. आबांनी पिशवी मांडीवर घेतली आणि बाकावर सरकून दोघांच्या मध्ये एका माणसापुरती जागा केली. रेवती त्या जागेकडे बघत राहिली. तिथं हात ठेवायचं तिला सुचलं, पण ठेवला नाही.

धक्का आला. वाड्यांची माणसं उतरली, कोंबड्या उतरल्या, आबा उतरले. रेवती फाटकापाशी गेली आणि ते तिच्या तोंडावर मिटलं. कारभाऱ्याच्या लेखी ती मघाशीच उतरली होती. 'लाँच रिकामी आहे,' आवाज म्हणाला, आणि लाँचचं इंजिन पुन्हा थरथरायला लागलं.

तेवढ्यात आबा वळले आणि त्यांनी कठड्यावरून हात पुढे केला. चित्रफितीत केला होता तसाच, तोच हात, तीच उंची. त्यांना घाई नव्हती, जणू हे काम त्यांच्या हातच्या सवयीचं होतं. रेवतीनं तो हात धरला, साडीचा घोळ सावरत कठड्यावर पाय टाकला आणि धक्क्यावर उतरली. आबांना घेऊन इथून आधी निघावं म्हणून तिनं त्यांची पिशवी घ्यायला हात लावला.

आबांनी पिशवी दिली, पण लाँचकडचा हात काढला नाही.

"थांब," ते म्हणाले, "तिला अजून उतरायचंय."

रेवती वाटेतून बाजूला सरकली.